नवा वेग थांबेल, हरवलेला आधी द्या

प्रति,
लिनक्स कर्नलला पॅच पाठवणारी, ते तपासणारी आणि डिस्ट्रोंसाठी बॅकपोर्ट निवडणारी मराठी मंडळी,
मुक्काम पुणे, बंगळूर, हैदराबाद किंवा जिथे असाल तिथे

विषय : वेग वाढवणारे पॅच वेळेआधी कर्नलमध्ये घेण्याबाबत

स. न. वि. वि.

मालवण ते देवगड या पट्ट्यात मी लोकांचे जुने कॉम्प्युटर चालते ठेवतो. शाळांच्या लॅब, पतपेढ्या, एक बर्फाचा कारखाना, मच्छीमार सोसायटीचं ऑफिस, काही आंबा बागायतदार, असा गोतावळा आहे. बहुतेक मशिनांत दोन कोअर, चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. विंडोजने त्यांना केव्हाच नारळ दिला. लिनक्सवर ती अजून पोटापुरतं कमावतात. मी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, विकासक नाही, पण तुमचे चेंजलॉग (बदलांच्या नोंदी) वाचतो. इथे अपडेट दाबायचं की नाही हे मलाच ठरवावं लागतं, आणि बिनसलं तर फोन मला येतो, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सना नाही.

पत्राचं कारण असं. वेग वाढवणारा एखादा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, गाजला की तो पुढच्या आवृत्तीची वाट न बघता लगेच आत घ्या, मागच्या आवृत्त्यांतही घाला, असा धोशा सुरू होतो. दुसरीकडे, ‘ही सुधारणा आहे, दुरुस्ती नव्हे’ असं म्हणत खरोखर निकडीचा पॅचही रांगेत मागे राहतो. दोन्हीचा त्रास शेवटी इथवर पोचतो. माझं म्हणणं एवढंच की पॅच किती टक्के देतो हे नंतर बघा, तो थांबला तर कोणाचं काय अडतं हे आधी विचारा. ज्याचा वेग तुमच्याच आधीच्या एखाद्या बदलाने गेला, त्याला तो ताबडतोब परत मिळाला पाहिजे. ज्याला आजवर नव्हता तो वेग मिळणार आहे, त्याने दहा आठवडे थांबावं. पतपेढीच्या भाषेत एक ठेवीदाराची मुदत संपलेली ठेव आहे, दुसरा लाभांश. लाभांशासाठी वार्षिक सभेपर्यंत कोणी कुरकुरत नाही, पण मुदत संपलेली ठेव ‘सभेनंतर बघू’ म्हटलं तर काउंटरवर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

ज्यांना या कामाची घडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. आधीची निघाली की दोन आठवडे मर्ज विंडो उघडी असते आणि जे काही नवं, ते तेव्हाच आत येतं. पहिली आरसी (प्रसिद्धीआधीची चाचणी आवृत्ती) निघाली की दार बंद. पुढे सात, कधी आठ आरसी होईपर्यंत फक्त दुरुस्त्या. त्यानंतर ग्रेग क्रोह-हार्टमन आणि साशा लेविन सांभाळतात त्या स्टेबल शाखा, म्हणजे निघालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या, आणि त्यांच्या आधाराने उभे असलेले डेबियनसारख्या डिस्ट्रोंचे (लिनक्स बांधून वाटणाऱ्यांचे) कर्नल. पॅच ‘वेळेआधी’ घेणं म्हणजे एकतर दार बंद झाल्यावर आरसीत घेणं, नाहीतर आधीच वापरात असलेल्या आवृत्तीत मागाहून बॅकपोर्ट करणं. माझ्या मशिनांपर्यंत जे येतं ते या दुसऱ्या वाटेने.

स्टेबलची नियमावली तुम्हाला पाठ असेल. पॅच आधी मुख्य कर्नलमध्ये असावा, उघडउघड बरोबर असावा, तपासलेला असावा, आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा, आणि लोकांना खरोखर छळणारी चूक त्याने सुटावी. वेगासाठी तिथे एक खिडकी ठेवलेली आहे. वापरणाऱ्याला जाणवेल इतका मंदपणा किंवा अडखळणं दूर होत असेल तर पॅच विचारात घेता येतो. पण अशा दुरुस्तीत सूक्ष्म बिघाड लपण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ती डिस्ट्रोच्या कर्नल मेंटेनरनेच पाठवावी आणि वापरणाऱ्याला काय फरक पडतो ते सोबत लिहावं, असं कलमच आहे. या खिडकीची किल्ली नियमाने तुमच्याकडे दिलीय. म्हणून पत्र तुम्हाला.

खिडकी नीट वापरली गेली असं एक उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या ६.७ मध्ये एक बदल आला होता. प्रोग्रॅमने मोठी मेमरी मागितली की ती दोन एमबीच्या सीमेवर नेऊन बसवायची, म्हणजे कर्नलला तिथे ह्यूज पेज (मेमरीचं मोठं पान) वापरता येईल. हेतू वेगाचाच. पण काही प्रोग्रॅम दोन एमबीच्या पटीत न बसणारे तुकडे एकामागून एक मागतात. पूर्वी ते शेजारी शेजारी लागून एक सलग पट्टा व्हायचा, नव्या नियमाने त्यांच्यामध्ये फटी राहू लागल्या. कॅक्टसबीएसएसएन नावाची गणिती चाचणी काही यंत्रांवर ६०० टक्क्यांपर्यंत मंदावली. फोटोंवर काम करायचं डार्कटेबलही रखडलं. व्लास्तिमिल बाब्का यांची दुरुस्ती अगदीच आटोपशीर होती, मागणी दोन एमबीच्या पटीत असेल तरच सीमेवर न्या. मर्ज विंडो कधीच बंद झालेली असताना ती ६.१२ च्या शेवटच्या आरसींमध्ये घेतली गेली आणि मागच्या स्टेबल शाखांतही गेली. ६.१२ निघाली १७ नोव्हेंबर २०२४ रोजी.

या पॅचची चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. कर्नलची आपोआप तपासणी करणाऱ्या इंटेलच्या रोबोटने त्यावर ३८८८.९ टक्के सुधारणा नोंदवली आणि लोकांचे डोळे विस्फारले. तो आकडा मेमरी मागणं-सोडणं एवढंच करत राहणाऱ्या एका चाचणीचा. माझ्या पतपेढीत व्याजाचा हिशोब त्याने एका सेकंदानेही लवकर होणार नाही. आत घ्यायला त्या आकड्याचा आधार लागलाच नव्हता. लोकांचं चालतं काम ६.७ पासून मंदावलं होतं, कारण सापडलं होतं, इलाज दोन-चार ओळींचा होता, आणि इलाज चुकलाच तरी फार तर ६.७ च्या आधीच्या वागण्याकडे परत जायचं होतं. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हरवलेला वेग परत देणारा पॅच बहुधा माहितीतल्या जागी परत नेतो. नवा वेग देणारा पॅच, कितीही हुशारीचा असला तरी, जिथे अजून कोणी गेलेलं नाही तिथे नेतो.

तिथे काय वाढून ठेवलेलं असतं ते २०१९ साली दिसलं. ती हकीकत मी इथल्या प्रत्येक अतिउत्साही पोराला सांगतो, तुम्हालाही सांगतो, ठाऊक असली तरी.

जुलै २०१९ च्या मर्ज विंडोत ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये एक छोटा पॅच आला. आयनोड, म्हणजे फाइलच्या माहितीची नोंद, वाचताना शेजारचे ब्लॉकही वाचून ठेवले जातात. त्या वाचनाच्या विनंत्या डिस्ककडे सुट्या सुट्या जायच्या, त्या गोळा करून एकत्र पाठवायच्या, इतकाच बदल. त्यात चूक काही नव्हती. डिस्कचे हेलपाटे कमी झाले, इंटरप्ट (काम झाल्याची डिस्कने प्रोसेसरला दिलेली हाक) कमी झाले. फिरत्या डिस्कवाल्या माझ्यासारख्याने तर पेढे वाटावेत. पण बूट होताना कर्नल आपल्या यादृच्छिक संख्यांसाठी लागणारी अनिश्चितता गोळा करतो ती बरीचशी याच इंटरप्टांच्या वेळांमधून. इंटरप्ट घटले, साठा भरायला उशीर लागू लागला. त्याच वेळी लॉगिनच्या स्क्रीनआधी चालणारा कोणी प्रोग्रॅम कर्नलकडे यादृच्छिक संख्या मागतो, आणि साठा भरेपर्यंत त्याला थांबवलं जातं. तो थांबला, म्हणून बूट थांबलं. डिस्क गप्प, कारण कोणी काही वाचत नाही. कोणी वाचत नाही म्हणून इंटरप्ट नाहीत. इंटरप्ट नाहीत म्हणून साठा भरत नाही. कीबोर्ड बडवला किंवा माउस हलवला तर सुटका.

हे लक्षात आलं सप्टेंबरात, ५.३ निघायच्या तोंडावर, तेही एका विकासकाचा लॅपटॉप उठेना म्हणून. टोरवाल्ड्सनी पॅच काढून टाकला आणि १५ सप्टेंबरला ५.३ सोडली. पॅच वाईट नाही हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं. तरी काढला, कारण आधी उठणारं मशीन उठेनासं झालं होतं. ५.४ मध्ये कर्नल प्रोसेसरच्या वेळांतल्या बारीक चढउतारांमधून स्वतःच अनिश्चितता तयार करायला शिकला आणि मग तोच पॅच सन्मानाने परत आला.

आता हे इथे आणून बघा. बर्फाच्या कारखान्यातल्या मशीनला कीबोर्ड नाही, माउस नाही, मॉनिटरही गरज लागली तर जोडतो. लाईट गेली की ते बंद, आली की आपोआप सुरू. पावसाळ्यात दिवसातून तीनदा-चारदा असं होणं इथे कोणाला विशेष वाटत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा तर लाईट परत आली ती सुद्धा येत-जात आली. शहरातल्या सर्व्हरचं बूट महिन्यातून एकदा होत असेल, आमच्याकडे ते रोजचं कर्म आहे. ५.३ चा तो पॅच रीतसर मर्ज विंडोतून आला, आरसींचे सगळे आठवडे पार केले, आणि तरीही शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याचा खोडा कोणाला दिसला नाही. ‘वेग वाढतो, धोका काही नाही, ओळी मोजक्याच’ म्हणून कोणी तो जुलैतच स्टेबलमध्ये टाकला असता तर? बर्फाच्या कारखान्यात कीबोर्ड बडवायला कोण होतं? कारखान्याचा मालक मालवणीत विचारतो ना, ‘काल बरो चलत होतो, आज काय झाला ह्येका?’, त्याला इंटरप्ट आणि अनिश्चितता समजावून सांगणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

तेव्हा नव्या वेगाने थांबायचे ते दहा आठवडे वाया जातात असं समजू नका. हजारो वेगवेगळ्या मशिनांवर पॅचला वारा लागतो तो त्याच आठवड्यांत. कधीकधी पॅच स्वतः सुधारतो. २०१० च्या नोव्हेंबरात माइक गॅलब्रेथ यांचा दोनेकशे ओळींचा ऑटोग्रुप पॅच गाजला होता, आठवत असेल. मागे भलंथोरलं कंपाइल चालू असतानाही डेस्कटॉप हलका राहायचा. टोरवाल्ड्सनी स्वतः तोंडभरून कौतुक केलं. तेवढं कौतुक मिळूनही तो २.६.३७ मध्ये घुसवला नाही, कारण तिची मर्ज विंडो बंद झाली होती. मार्च २०११ मध्ये २.६.३८ सोबत आला. मधल्या काळात त्याची रचनाच बदलली. आधी तो टर्मिनलनुसार गट पाडायचा, आत गेला तो सेशननुसार पाडणारा झाला. शिवाय बंद करायचं बटणही सोबत आलं. घाईने घेतला असता तर कच्ची रचना गळ्यात पडली असती.

न थांबता बदल घेतल्याचंही घडलं आहे, नाही असं नाही. सप्टेंबर २००१ मध्ये स्टेबल म्हणवणाऱ्या २.४ मालिकेत, २.४.१० ला, मेमरी व्यवस्थापनाचा गाभाच बदलला. रिक व्हॅन रील यांचा काढून आंद्रेआ आर्कांजेली यांचा बसवला. ॲलन कॉक्स यांनी आपल्या शाखेत काही काळ जुनाच ठेवला, यावरून वातावरणाची कल्पना यावी. जुन्या व्यवस्थापकाखाली लोकांची मशिनं खरोखर अडत होती, म्हणून निर्णयाला आधार होता. पण एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मालिका चुकीची होती, असं माझं मत आजही आहे. उलट डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ मधली मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरची दुरुस्ती घ्या. तिने वेग कमी केला, तरी ती ४.१५ च्या ऐन आरसींत आणि स्टेबलमध्ये धडाधड घेतली गेली, आणि ४.१५ नवव्या आरसीपर्यंत लांबली. तिथे थांबण्याची किंमतच जास्त होती. माझा निकष दोन्हीकडे लागू पडतो, म्हणूनच तो मला बरा वाटतो.

बटणाबद्दल थोडं अजून. वेग देणाऱ्या प्रत्येक मोठ्या बदलासोबत तो बंद करायची सोय हवी, आणि ती मी फोनवर समजावून सांगू शकेन इतकी सोपी हवी. यू झाओ यांचा मल्टी-जेन एलआरयू (मेमरीतली कोणती पानं काढायची ते ठरवायची नवी पद्धत) पहिल्यांदा मांडला गेला मार्च २०२१ मध्ये आणि आत आला डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळाने. तोवर गुगलने तो क्रोमओएस आणि अँड्रॉइडच्या खऱ्या वापरकर्त्यांवर चालवून पाहिला होता. कमी रॅमच्या मशिनांना त्याचा मोठा उपयोग, आणि चार जीबीवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून मीच त्याच्यासाठी आरडाओरड करायला हवी होती. पण तो मुळात बंद अवस्थेत आला, ज्याला हवा त्याने एका फाइलमध्ये आकडा लिहून सुरू करावा, हे मला पसंत पडलं. बटणाची गरज जून २०२३ च्या ६.४ मधल्या पर-व्हीएमए लॉकच्या वेळीही दिसली. पेज फॉल्टच्या वेळी (मागितलेलं मेमरीचं पान जागेवर नसताना) प्रोसेसच्या अख्ख्या मेमरीला एक मोठं कुलूप लावण्याऐवजी त्या त्या भागापुरतं लावायचं. उत्तम कल्पना, रीतसर वाटेने आलेली. पण अनेक थ्रेडवाला प्रोग्रॅम फोर्क करताना (स्वतःची प्रत काढताना) मेमरीतला मजकूर बिघडायचा. जुलैमध्ये तो पर्याय कॉन्फिगमधूनच बंद ठेवायचा पॅच निघाला, आणि त्याच महिन्यात मूळ दुरुस्तीही झाली. दुरुस्ती लवकर सापडली नसती आणि बटणही नसतं, तर सगळं उपटून काढावं लागलं असतं.

आता तुमच्याकडून नेमकं काय हवं. बॅकपोर्टसाठी वेगाचा पॅच पाठवाल तेव्हा चेंजलॉगमध्ये तो वेग कोणत्या आवृत्तीत, कोणत्या बदलाने गेला होता ते लिहा. असं लिहिता येत नसेल तर तो लाभांश आहे, पुढच्या मर्ज विंडोला पाठवा. मोजमाप ९६ कोअरच्या सर्व्हरवर केलं असेल तर ते खुशाल द्या, पण सोबत दोन कोअर आणि फिरत्या डिस्कवर काय होतं याची एक तरी ओळ असू द्या. आणि कोणाचं नुकसान होतं तेही. प्रत्येकाचाच फायदा करणारा वेगाचा पॅच मी तरी क्वचितच पाहिला, कोणाचं तरी कॅश, कोणाची तरी मेमरी, कोणाची तरी बॅटरी त्यात खर्ची पडतेच. नुकसान शून्य असं लिहिलेलं दिसलं की मला शोधलंच नाही असं वाटतं.

एक चीड आणणारी सवयही सांगतो. वेगाच्या पॅचवर ‘फिक्सेस’ची (अमुक बदलातली चूक सुधारली असं सांगणारी) ओळ चिकटवायची, पाच-सात वर्षांपूर्वीचा कुठला तरी कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदलेला बदल, दाखवायचा. त्या कमिटने काही बिघडवलं नव्हतं, तो फक्त आजच्याइतका हुशार नव्हता. पण ती ओळ बघून पॅच स्टेबलमध्ये ओढला जातो, कोणी मागितला नसला तरी. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम आणि मेमरी व्यवस्थापन सांभाळणाऱ्यांनी स्टेबलसाठीच्या आपोआप निवडीतून अंग काढून घेतलं आहे, ते उगीच नाही. बाकीच्या भागांत ही गाळणी तुम्हीच आहात.

ज्यांना धीरच धरवत नाही त्यांच्यासाठी वाटा आहेत. पुढच्या आवृत्तीचे बदल जमवणारी लिनक्स-नेक्स्ट आहे, आरसी आहेत, झेनसारखे वेगळे बांधलेले कर्नल आहेत. आमच्याकडेही एक गेम खेळणारा पोरगा झेन चालवतो आणि सुखात आहे. मोडलं तर तोच दुरुस्त करतो. त्याची हौस भागवायला सोसायटीच्या ऑफिसात ती वाट नको, इतकंच.

आणि उलटही विसरू नका. हरवलेला वेग परत देणारा पॅच आला आणि तुमच्या डिस्ट्रोत तो ‘पुढच्या मोठ्या आवृत्तीत येईलच’ म्हणून पडून राहिला, तर इथे कोणी पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जात नाही. डेबियनची एक आवृत्ती टाकली की ती तिची मुदत संपेपर्यंत चालते. शाळेतल्या बाई मशीन अपडेटनंतर हळू झालं म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात दोनच गोष्टी असतात, वाट बघणं किंवा मला सांगणं. त्यांच्यासाठी नियमावलीतली ती खिडकी उघडा. संकोच करू नका, तक्रारीचा दुवा माझ्याकडून हवा असेल तर मी नोंदवून देतो.

तपासणीसाठी मशिनंही देऊ शकतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सोसायटीच्या ऑफिसातली दोन आणि बर्फाच्या कारखान्यातलं एक मशीन जवळपास रिकामं असतं. मालकांना विचारून ठेवलं आहे. डिस्क फिरती, रॅम चार जीबी, लाईट बेभरवशाची, म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेत जे मिळत नाही ते सगळं. कोणता कमिट, कोणती आज्ञा चालवायची आणि कोणता आकडा टिपायचा एवढं कळवा; लाईट जाऊन आल्यावर मशीन स्वतःहून उठलं की नाही ते मी न विचारता कळवीन. एप्रिल-मे मात्र मागू नका, आंबा चालू असतो. गणपतीतही नको.

आपला,
मालवण परिसरात जुने कॉम्प्युटर सांभाळणारा एक कारागीर